खालची पट्टी

बंदराच्या इन्स्पेक्टरने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला आणि नाक टेकेल इतका स्क्रीनजवळ वाकला.

"हा आकडा वाचा," तो मला म्हणाला.

"अकरा पॉइंट चार."

"वाचलात, की पाठ आहे?"

पाठच होता. सकाळपासून मी त्या स्क्रीनवरचा बंदराचा नकाशा भिंग घेऊन इतक्या वेळा पाहिला होता, की डोळे मिटूनही सांगितला असता. मागे उभ्या असलेल्या कॅप्टन नाबरांनी उगाचच घसा खाकरला.

"नवीन मॉनिटर आहे," ते म्हणाले. "अगदी लेटेस्ट. फार शार्प आहे."

"शार्प आहे खरा," इन्स्पेक्टर म्हणाला. "मुंगीसुद्धा जवळून पाहिली तर शार्पच दिसते."

तो खाली गेला, कॅप्टनच्या केबिनमध्ये बसला, आणि अर्ध्या तासात आमचं जहाज अडकलं. नकाशाचे दोन्ही स्क्रीन वाचता येण्यासारखे होईपर्यंत नांगर उचलायचा नाही.

'मालिनी' हे मालवाहू जहाज होतं आणि मी तिच्यावर सेकंड ऑफिसर होते. जहाज कुठून कुठे आणि कुठल्या वाटेने न्यायचं, त्याचे नकाशे सांभाळणं हे सेकंडचं काम. कागदी नकाशे आमच्याकडे राहिलेच नव्हते. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या काचेच्या खोलीत, दोन कॉम्प्युटर होते. एक मुख्य आणि एक तो बंद पडला तर वापरायचा. मुख्य विंडोजवर चालायचा, दुसरा लिनक्सवर, आणि दोघांचे प्रोग्रॅम वेगवेगळ्या लोकांनी, जहाजाइतक्याच जुन्या काळात लिहिलेले. त्यांचे चौकोनी, जाडजूड मॉनिटर एका वादळात पाणी शिरून गेले. तसले मॉनिटर खास जहाजांसाठी बनवतात, महाग असतात. कंपनीने त्याऐवजी ऑफिसात वापरतात तसले दोन मोठे, रुंद, झुळझुळीत मॉनिटर लाँचमधून पाठवून दिले. वर मेल आली : जुन्यापेक्षा चौपट चांगले आहेत.

चौपट बारीक होते. मुख्य कॉम्प्युटरवर नकाशा उघडला की पाण्याच्या खोलीचे आकडे राईच्या दाण्याएवढे. रेझोल्यूशन कमी करावं, तर चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं जायचं आणि गोल वर्तुळाचं अंडं व्हायचं. अंतर मोजायच्या नकाशावर अंडं चालत नाही. लिनक्सवाल्यावर तर काही बदलायची सोयच नव्हती. त्यावर माउसचा बाण हरवला की मी आणि ड्यूटीवरचा खलाशी दोघं मिळून शोधायचो.

कॅप्टन नाबर मूळचे वेंगुर्ल्याचे. निवृत्तीला आलेले, ही त्यांची शेवटची फेरी. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःचा लॅपटॉप आणून त्या मॉनिटरला लावला. तो तिसऱ्याच जातीचा, मॅक. पडद्यावर त्यांच्या नवीन घराचा फोटो आला. जांभ्याची भिंत, तुळस, अंगणात नातू. नातवाच्या गालावरचा डाससुद्धा दिसत होता.

"बघ," ते म्हणाले. "मॉनिटरमध्ये काही दोष नाही. तुला सेटिंग जमत नाहीये."

"सर, तुमच्या लॅपटॉपला कळतं पडदा केवढा आहे ते. आपल्या प्रोग्रॅमला कळत नाही."

"मग त्याला कळव."

मी कळवत बसले. मुंबईच्या ऑफिसातला मुलगा सॅटेलाइट फोनवर विचारायचा, "मॅडम, रीस्टार्ट करून बघितलंत?" मी करून बघायचे. विंडोजसाठी त्याने सांगितलेला उपाय केला की अक्षरं फुगायची आणि अर्धी कापली जायची. लिनक्ससाठी त्याने पाठवलेली ओळ टाईप केली, तर पडदा काळा झाला आणि परत आणायला माझी पूर्ण दुपार गेली. "दुसरे मॉनिटर पाठवता येणार नाहीत का?" या प्रश्नावर तो मुलगा दरवेळी म्हणायचा, "ते वरचे लोक ठरवतात."

समोर बंदर दिसायचं. किनाऱ्यावरच्या रस्त्याने गाड्या जायच्या, एका शाळेचं मैदान होतं, दुर्बिणीतून मुलांच्या दप्तरांचे रंग कळायचे. पण उतरायची कुणालाच परवानगी नव्हती. खलाशांची बदली पुढच्या बंदरात व्हायची होती. बदलीची माणसं तिथे येऊन थांबली होती. बहुतेकांचे करार संपत आले होते. कॅप्टननी सगळ्यांकडून मुदत वाढवल्याच्या सह्या घेतल्या. काहींनी शिव्या देत केल्या, काहींनी न बोलता. रोज जेवणाच्या खोलीत मी गेले की सगळे एकच विचारायचे.

"मॅडम, झालं का?"

पुढे पुढे कुणी विचारेना. नुसते बघायचे.

चीफ कुक परकारचाचा तेवढे बोलायचे. ते दाभोळ खाडीकाठचे, मी रत्नागिरीजवळच्या मिऱ्याची. कॅप्टन सोडले तर जहाजावर बाकी सगळे दूरदूरच्या राज्यांतले. चाचा मला बाय म्हणायचे. एकदा दुपारी, माझ्या ड्यूटीच्या वेळी, ते फोन करायला ब्रिजवर आले. मी काचेपाशी पाठमोरी उभी होते. ते खालच्या आवाजात घरी बोलत होते.

"तारीख पुढे ढकलू नको म्हण डॉक्टरला. मी येतो म्हणजे येतो. तू डायलिसिस चुकवू नको. आणि रडू नको गो."

फोन ठेवून ते वळले तेव्हा माझा चेहरा त्यांनी पाहिला.

"ऐकलंस काय?"

"कोण आजारी आहे, चाचा?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "रुकय्या. माझी बायको. दोन्ही किडन्या गेल्या. माझी जुळली. सगळ्या तपासण्या झाल्या, कमिटीची परवानगी झाली. म्हटलं, तारखेच्या आत एक छोटी फेरी मारून येऊ. तर हे असं."

"तारीख कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात, पहिल्याच आठवड्यात. ती गेली की पुन्हा सगळ्या तपासण्या, पुन्हा कमिटी. तेवढं ती..." ते थांबले. मग एकदम माझ्याजवळ आले. "बाय, हे कोणाला सांगायचं नाय. कॅप्टनला पण नाय."

"कॅप्टनना सांगितलंत तर ते काहीतरी करतील की."

"काय करतील? कंपनीला कळवतील. एका किडनीचा माणूस कंपनी पुन्हा जहाजावर घेईल? मी सतरा वर्षांचा असल्यापासून समुद्रावर हाय. ऑपरेशन झालं की सहा महिन्यांनी मी परत येणार. कोणाला कळायचं कारण नाय. शपथ घे."

मी शपथ घेतली.

त्या दिवसापासून ते स्क्रीन माझ्या झोपेतही येऊ लागले. जेवताना मला आकडे दिसायचे. ड्यूटी नसली तरी मी ब्रिजवर जायचे, एक सेटिंग बदलायचे, बंद करायचे, चालू करायचे. आणि शेवटी एक जमलं. विंडोजच्या आत, प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फाईलमध्ये, आकार बदलायची एक जागा सापडली. नकाशा पडदाभर मोठा झाला. आकडे ठळक, वर्तुळं गोल, नावं वाचता येण्यासारखी. दुसऱ्या दिवशी लिनक्सवरही वेगळ्या वाटेने तेच साधलं.

कॅप्टन धावत वर आले. लांब उभे राहून त्यांनी मोठ्याने आकडे वाचले.

"शाबास! इन्स्पेक्टरला उद्याच बोलावतो."

"सर, एक मिनिट," मी म्हणाले. "खाली बघा."

"काय आहे खाली?"

"काहीच नाही. तेच सांगतेय. पट्टी नाही."

त्या प्रोग्रॅममध्ये पडद्याच्या अगदी खाली एक पट्टी असायची. एरवी रिकामी. जहाज उथळ पाण्याकडे, खडकाकडे जायला लागलं की तिथे लाल अक्षरांत इशारा यायचा, काय धोका आहे आणि किती लांब आहे ते. चित्र मोठं केल्यावर ती पट्टी पडद्याच्या खालच्या कडेबाहेर गेली होती. दोन्ही कॉम्प्युटरवर. कितीही खटपट केली तरी एक तर अक्षरं दिसायची, नाही तर पट्टी.

कॅप्टननी कॉम्प्युटरशेजारच्या भोंग्याकडे बोट केलं.

"भोंगा वाजतो ना?"

"वाजतो. पण तो सगळ्यालाच वाजतो. सिग्नल गेला तरी वाजतो, समोरून होडी आली तरी वाजतो. कशासाठी वाजतोय ते पट्टीवरच कळतं."

"आपण नांगरावर उभे आहोत. नांगरावर कसला इशारा येणार? इन्स्पेक्टरला ती पट्टी आठवणारसुद्धा नाही."

"आणि पुढे, सामुद्रधुनीतून जाताना?"

"मी स्वतः ब्रिजवर उभा राहीन."

"सलग दोन दिवस?"

त्यांनी आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. खुर्चीत बसून ते म्हणाले, "शलाका, रोज मला ऑफिसातून फोन येतो. रोज मला वाटतं, शेवटच्या फेरीत हे वाढून ठेवलं होतं. खाली बावीस माणसं आहेत. तू त्यांची तोंडं बघतेस ना? तुला काही खोटं बोलायला सांगत नाहीये मी. फक्त तो विचारील तेवढंच सांग."

मी खाली गेले. काय करावं कळेना म्हणून गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात गेले. परकारचाचा कांदा चिरत होते. त्यांना मी सगळं सांगितलं, पट्टीचं, उद्याच्या तपासणीचं. का सांगितलं? त्यांनी मला अडवावं असं वाटत असणार. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"म्हणजे उद्या त्याने सही केली तर आपण परवा निघणार?"

"हो."

"आणि मी तारखेला पोचणार?"

"पोचाल."

"मग कर ना गो बाय. कोण बघतंय ती पट्टी?"

"चाचा, जहाज खडकावर चढलं तर?"

"इतकी वर्षं काय पट्ट्या बघून जहाजं चालली? तू हुशार हायस. तू जागी राहशील." त्यांचे डोळे भरले होते, कांद्यामुळे की कशामुळे ते मी बघितलं नाही. "माझ्यासाठी एवढं कर. मी तुझ्याजवळ कधी काय मागितलं?"

मी तिथून निघाले. वर केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं. ती केबिन म्हणजे एक पलंग, एक टेबल आणि न उघडणारी गोल खिडकी. खिडकीतून तीच शाळा दिसत होती. माझी ड्यूटी असताना जहाज खडकावर गेलं तर त्यात चाचाही असणार होते आणि मीही. आणि नाही गेलं तर? बहुतेक जातच नाही. बहुतेक वेळा पट्टी रिकामीच असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टर आला. यावेळी त्याने चष्मा पुसला नाही. उभ्याउभ्याच चार-पाच आकडे वाचले, दुसऱ्या स्क्रीनसमोरही तेच केलं. कॅप्टन हसत होते. दाराशी स्टुअर्ड चहाचा ट्रे घेऊन उभा होता आणि त्याच्यामागे, वर यायचं काही कारण नसताना, परकारचाचा.

"उत्तम," इन्स्पेक्टर म्हणाला. त्याने पेन काढलं. मग सहज विचारावं तसं मला विचारलं, "सेकंड, तुम्हीच नकाशे बघता ना? हे घेऊन जहाज न्यायला तुम्ही तयार आहात?"

कॅप्टन म्हणाले, "अर्थात, ती तयारच आहे."

"मी तिला विचारलं."

मी चाचांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलू शकले नसते.

"नाही," मी म्हणाले. "इशाऱ्याची पट्टी दिसत नाही. पडद्याच्या खाली गेलीये."

त्याने पेन खिशात ठेवलं. वाकून पडद्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं, जणू पट्टी तिथे चिकटलेली असेल. मग सरळ होऊन कॅप्टनना म्हणाला, "मला हिच्याशी एकटीशी बोलायचं आहे."

ब्रिजच्या दोन्ही बाजूंना उघडे सज्जे असतात. आम्ही तिथल्या एका सज्ज्यात उभे राहिलो. काचेआड कॅप्टन दिसत होते. चाचा निघून गेले होते.

"आता योग्य मॉनिटर आल्याशिवाय हे जहाज हलणार नाही," इन्स्पेक्टर म्हणाला. "दोन-तीन आठवडे लागतील. तुम्हाला त्रास होईल, कल्पना आहे मला. आणखी काही सांगण्यासारखं आहे?"

मी कठडा घट्ट धरला.

"एका माणसाला घरी जायलाच हवं. आमचा कुक. त्याचा करार संपलाय."

"करार सगळ्यांनी वाढवून दिलाय. सह्या पाहिल्या मी. त्याची पण आहे?"

"आहे."

"मग मला काही करता येत नाही. या बंदरात माणूस उतरवायचा तर तातडीचं वैद्यकीय कारण लागतं. आहे तसं काही?"

त्याच क्षणी 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. शपथ होती. पण तारीख जाणार होती ती मी मघाशी ब्रिजवर 'नाही' म्हटल्यामुळे, दुसऱ्या कुणामुळे नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. किडनी, रुकय्या, ऑपरेशनची तारीख. त्याने लिहून घेतलं. कुकचं नाव कसं लिहायचं तेही विचारलं.

तो गेल्यावर कॅप्टन एवढंच म्हणाले, "तुला माझ्याशी आधी बोलता आलं असतं." मी काल बोललेच होते, पण ते काढलं नाही. त्यानंतर कामापुरतं सोडून ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवणाच्या खोलीत मी बसायचे त्या टेबलावर दुसरं कुणी बसेना.

चार-पाच दिवसांत कागद झाले आणि परकारचाचांना न्यायला लाँच आली. शिडीपाशी ते बॅग घेऊन उभे होते. इन्स्पेक्टरच्या कागदात कारण लिहिलेलं होतं, आणि तो कागद बंदरातून कंपनीकडे गेला होता. कंपनीने विमानाचं तिकीट लगेच काढलं होतं. तब्येतीची विचारपूसही केली होती.

"चाचा," मी म्हणाले.

"सांगितलं होतं तुला. कोणाला सांगायचं नाय म्हणून."

"तुम्ही वेळेवर पोचाल."

"वेळेवर पोचेन," ते म्हणाले. "आणि घरीच बसेन."

ते शिडी उतरले. लाँच वळून किनाऱ्याकडे निघाली तेव्हा ते तोंड बंदराकडे करून बसले होते. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले.

आम्ही आणखी महिनाभर तिथेच होतो. चौकोनी मॉनिटर आले, लावले, पहिल्याच दिवशी चालले. इतकं साधं होतं ते. सामुद्रधुनीतून जाताना पट्टीवर एकदा लाल अक्षरं आली. मी वाट थोडी बदलली, अक्षरं गेली. कॅप्टन झोपले होते; त्यांना सांगितलंही नाही. पुढच्या बंदरात मला उतरवलं. कॅप्टननी माझ्याबद्दल लिहिलं होतं की कामाला चांगली आहे, माणसांत मिसळत नाही. त्या कंपनीने मला पुन्हा बोलावलं नाही. दुसरीने घेतलं.

परकारचाचांचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं. रुकय्याचं ऑपरेशन झालं असेल, नसेल, झालं आणि जमलं नसेल. प्रत्येक शक्यतेत मी होतेच.

सहा वर्षांनी सुट्टीवर असताना माझ्या भावाने दाभोळला जायचं काढलं. मी त्याला वाटेत परकारचाचांच्या खाडीकाठच्या गावी सोडायला सांगितलं. घर विचारत विचारत गेले. कौलारू छोटं घर, ओटीवर वाळत घातलेली सुकी मासळी, आणि ती उलटीपालटी करत बसलेले चाचा. केस पूर्ण पांढरे झाले होते.

त्यांनी मला ओळखलं. उठले नाहीत.

"बस," म्हणाले.

मी पायरीवर बसले. बराच वेळ ते फक्त जहाजांचं विचारत राहिले. आता कुठल्या जहाजावर आहेस, कुठे कुठे जातं, गॅली कशी आहे, ओव्हन कुठल्या जातीचा. मी चीफ ऑफिसर झाल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. कंपनीच्या डॉक्टरने पुढे त्यांना फिट असल्याचा शिक्का दिलाच नव्हता, दुसऱ्या कंपन्यांनीही नाही. ते आता दापोलीकडच्या एका हॉटेलात सीझनपुरता स्वयंपाक करायचे.

"गॅस बंद केला की घरी येतो," ते म्हणाले. "जमीन हालत नाय. झोप लागत नाय अजून."

मासळीवर बसलेली माशी त्यांनी हाताने उडवली.

"मला एकदा विचारायचं होतंस," ते म्हणाले. "त्या माणसाला सांगायच्या आधी. माझी गोष्ट होती ती."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

"नाय म्हटलं असतं. सरळ."

घराच्या आतून एका बाईचा आवाज आला. स्वच्छ, जरासा चिडलेला, भरपूर दम असलेला.

"म्हणूनच नाय विचारलं तिनं!"

परकारचाचा आतल्या दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी मासळी तशीच सोडून दिली आणि ओटीवर माझ्यासाठी जागा करायला थोडे बाजूला सरकले.